भोलू अगदी ठीक दिसत होता

खूप दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज बसलेच. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांच्यासाठी तर हे आहेच, पण जे कुत्रा असलेल्या घरी पाहुणे म्हणून जातात त्यांच्यासाठी जास्त आहे, का ते पुढे कळेल.

झालं असं की माझी मावसबहीण दोन दिवस राहायला आलेली. ताईने आल्या आल्या पर्स सोफ्याच्या पायाशी ठेवली, आपण सगळे ठेवतो तशीच, आणि आम्ही आतल्या खोलीत गप्पा मारत बसलो. दहा-पंधरा मिनिटांनी मी पाणी घ्यायला बाहेर आले तर पर्सची चेन उघडी, रुमाल एकीकडे, किल्ल्या दुसरीकडे, आणि आमचा कुत्रा भोलू दोन पायांत एक चंदेरी पाकीट धरून मनापासून चाटतोय. च्युइंगमचं पाकीट. पुदिन्याचा वास खोलीभर.

मी ओरडले, पाकीट हिसकावून घेतलं, त्याच्या तोंडात बोट घालून बघितलं तर आत काहीच नाही, सगळं गिळून मोकळा. ताई म्हणाली, "अगं गमच आहे, आणि शुगर फ्री आहे, साखरपण नाही त्यात, उद्या निघून जाईल पोटातून." आणि खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटलं. शुगर फ्री म्हणजे साखर नाही, साखर नाही म्हणजे त्रास कमी, असा सरळ हिशोब डोक्यात झाला. तो हिशोब कुत्र्याच्या बाबतीत पूर्ण उलटा आहे हे सांगायलाच ही पोस्ट लिहितेय.

पाकीट कचऱ्यात टाकता टाकता सवयीने मागची बारीक अक्षरं वाचली आणि एका शब्दावर थबकले. झायलिटॉल. भोलू घरी आला तेव्हा कुत्र्याला काय देऊ नये याची जी यादी वाचली होती, चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, त्यात हाही होता. बाकीचे सगळे लक्षात राहिले कारण ते रोज डोळ्यासमोर असतात, आणि हा एक राहिला नाही कारण आपल्या घरात कुठे असणार हे, असं मी धरून चालले होते.

आधी मी फोन केला ओळखीतल्या एकांना, ज्यांनी आयुष्यभर कुत्री पाळलीत. ते म्हणाले गमने काही होत नाही, थोडा वेळ बघ, काही वाटलं तर जा. आणि समोर भोलू बॉल तोंडात घेऊन उभा, शेपूट हलवतोय, चल खेळू म्हणतोय. अगदी ठीक. त्या ठीक दिसण्यामुळे मी आणखी पाचेक मिनिटं घालवली, ती मला आजही टोचतात. मग शेवटी आमच्या व्हेटना फोन लावला.

डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या. किती गोळ्या खाल्ल्या, किती वेळ झाला, वजन किती. माझ्याकडे एकाचंही नीट उत्तर नव्हतं. पाकिटात दहा असतात, ताईने दोन खाल्ल्या होत्या "किंवा तीन असतील", एक शिल्लक होती. वेळ, पाव तास असेल. वजन, आठ महिन्यांपूर्वी केलं होतं तेव्हा नऊ किलो होतं. डॉक्टर म्हणाले, "सात गोळ्या धरा, नऊ किलो धरा, पाकीट हातात घ्या आणि निघा. तो ठीक दिसतोय म्हणून थांबू नका, ठीक दिसतोय तोवरच यायचं असतं."

आता हे नक्की काय होतं ते मला डॉक्टरांनी नंतर शांतपणे समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते. झायलिटॉल ही एक प्रकारची गोड पावडर, शुगर अल्कोहोल म्हणतात तसल्या गटातली, नावात अल्कोहोल असलं तरी दारूशी काही संबंध नाही. मक्याची कणसं, बर्च नावाच्या झाडाचं लाकूड यातून बनवतात. गोडी साखरेइतकीच, कॅलरी मात्र ग्रॅमला साधारण २.४, साखरेच्या ४ असतात. वर दात किडवणाऱ्या जंतूंना ती पचत नाही, १९७०च्या दशकात फिनलंडमधल्या तुर्कू इथे यावर मोठे प्रयोग झाले आणि तिथून ती गम आणि टूथपेस्टमध्ये घुसली. माणसाला तिचा तसा त्रास नाही, फार खाल्ली तर पोट बिघडतं एवढंच. माणसाच्या शरीरात ती खाल्ल्यावर इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारं द्रव्य, फारसं वाढत नाही, म्हणून तर डायबिटीसवाल्यांच्या पदार्थांत ती वापरतात.

कुत्र्याचं स्वादुपिंड, जिथे इन्सुलिन बनतं ते, मात्र फसतं. झायलिटॉल रक्तात आलं की त्याला वाटतं भरपूर साखर आली, आणि ते इन्सुलिन सोडायला लागतं, तेवढंच ग्लुकोज खाल्ल्यावर जेवढं सोडलं असतं त्याच्या कितीतरी पट. पण रक्तात ती जास्तीची साखर आलेलीच नसते ना. मग ते सगळं इन्सुलिन जी नेहमीची साखर रक्तात आहे तीच ओढून घेतं, आणि मेंदूला चालायला साखर उरत नाही. कुत्रा डगमगतो, पाय लटपटतात, मलूल होतो, मग झटके, मग बेशुद्ध. बऱ्याचदा सगळ्यात आधी उलटी होते. हे अर्ध्या तासातही होऊ शकतं. आणि गम असेल तर उशिरा, कधीकधी बारा तासांनीपण, कारण गमचा गोळा पोटात बसून हळूहळू झायलिटॉल सोडत राहतो. कुत्र्यांमध्ये इन्सुलिन असं उसळतं हे शास्त्रज्ञांना १९६०च्या दशकापासून माहीत आहे बरं का, म्हणजे शोध नवा नाहीये, घराघरात ही वस्तू पोचली ते नवं आहे.

दुसरा भाग लिव्हरचा, आणि तो मला जास्त भीतीदायक वाटतो कारण तो गुपचूप येतो. डोस जास्त असेल तर लिव्हरच्या पेशी मरायला लागतात, आणि ते एक-दोन दिवसांनी, कधी तिसऱ्या दिवशी कळतं. डोळे-हिरड्या पिवळट, उलट्या, काळी शी, रक्त गोठत नाही. साखर अजिबात न उतरता थेट लिव्हरवर गेलेल्या केसेसपण असतात. म्हणजे पहिली रात्र चांगली गेली म्हणून सुटलो असं म्हणता येत नाही.

आकडे सांगते, कारण आकडे कळल्याशिवाय हे किती थोडक्यात होतं ते पटत नाही. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे साधारण ०.१ ग्रॅम झायलिटॉल गेलं की साखर उतरण्याचा धोका. दर किलोमागे ०.५ ग्रॅम किंवा वर गेलं की लिव्हरचा धोका. भोलू नऊ किलो, म्हणजे त्याला ०.९ ग्रॅम पुरे, आणि लिव्हरसाठी साडेचार ग्रॅम. आता एका गमच्या गोळीत किती असतं? ब्रँडप्रमाणे प्रचंड फरक, काहींत नावापुरतं, बऱ्याच गोळ्यांत ०.२ पासून १ ग्रॅमपर्यंत. पाकिटावर नेमका आकडा नसतो बहुतेक वेळा. म्हणून डॉक्टर वाईटात वाईट धरून चालतात. सात गोळ्या, एकेक ग्रॅम धरलं तर सात ग्रॅम, म्हणजे भोलू दोन्ही रेषांच्या पलीकडे. आणि बेकिंगसाठी जी झायलिटॉलची सुटी पावडर मिळते तिचा एक चहाचा चमचा साधारण चार ग्रॅमचा, नऊ किलोच्या कुत्र्याला तो लिव्हरच्या रेषेजवळ नेऊन ठेवतो. एक चमचा!

दवाखान्यात पोचलो तेव्हा रक्तातली साखर ९२ होती, एकदम नॉर्मल. माझा नवरा माझ्याकडे बघायला लागला, की बघ, उगाच घाबरलीस. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली, चार गोळे निघाले, मी आयुष्यात कधी उलटी बघून एवढी खूश झाले नव्हते. पण चार. उरलेले आतच. कोळशाची पावडर देतात ना विषबाधेत, ती का देत नाही विचारलं तर म्हणाले झायलिटॉल कोळशाला नीट चिकटत नाही, उपयोग होत नाही फारसा. आणि यावर उतारा असं औषध नाहीये, ग्लुकोज चालू ठेवायचं आणि लिव्हर सांभाळायचं, बस.

मग दर थोड्या वेळाने कानाला टोचून साखर बघणं सुरू. ९२, ८८, ७१. आणि जवळपास दोन तासांनी ४९. तेव्हा भोलू उठायला गेला आणि मागचे पाय त्याचे त्यालाच सापडेनात, बसला तसाच, माझ्याकडे बघत. तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्याच्या पुढच्या पायात सलाईनची नळी आधीच लावून ठेवलेली होती, तिच्यातून लगेच ग्लुकोज गेलं, आणि काही मिनिटांत तो परत डोकं वर करून इकडेतिकडे बघायला लागला. विचार करा, आम्ही "थोडा वेळ बघूया" म्हणून घरी थांबलो असतो तर हे घरी झालं असतं, सोफ्यावर, आणि मला वाटलं असतं दमलाय, झोपलाय. रात्रभर तो तिथेच राहिला, ग्लुकोज चालू, तासातासाला तपासणी. लिव्हरसाठी औषधं दिली आणि लिव्हरच्या रक्तचाचण्या त्याच रात्री एक आणि मग पुढचे तीन दिवस रोज.

या तीन दिवसांत मी घरातलं एकेक पाकीट, एकेक बाटली काढून वाचली. जे सापडलं त्याने मी हादरले, कारण आमच्या घरात झायलिटॉल नाही असं मी शपथेवर सांगितलं असतं.

टूथपेस्टमध्ये होतं. माउथवॉशमध्ये होतं. घसा खवखवला की चघळायच्या गोळ्यांच्या पाकिटात होतं. व्हिटॅमिनच्या चघळायच्या गोळ्यांत होतं. प्रोटीन बारमध्ये होतं, जो नवरा जिमच्या बॅगेत टाकतो आणि बॅग दाराशी जमिनीवर पडलेली असते. याशिवाय काही पीनट बटर, शुगर फ्री जॅम, आइस्क्रीम, मिंट, नाकात मारायचे काही स्प्रे, तोंड कोरडं पडतं त्यासाठीचे स्प्रे, झोपेच्या मेलाटोनिन गमीज, सिगारेट सोडण्यासाठीचा निकोटिन गम, ज्यात निकोटिनचं वेगळं विष आणि हे वेगळं. लहान मुलांची पातळ औषधंसुद्धा गोड करायला हे वापरतात.

यातल्या पीनट बटरवर जरा थांबते. कुत्र्याला गोळी खायला घालायची असली की पीनट बटरमध्ये लपवून देतात, खेळण्यात भरून देतात, किती जण करतात हे, मीपण करते. म्हणजे इथे कुत्रा चोरून खात नाहीये, आपण स्वतःच्या हाताने देतोय, प्रेमाने. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, मुद्दाम झायलिटॉल आणि कुत्रे यावर लोकांसाठी इशारा काढलाय, त्यातही पीनट बटरचं लेबल वाचा असं आहे. बहुतेक पीनट बटरमध्ये नसतं हे खरं, पण "नो शुगर", "कीटो", "डायबिटीक फ्रेंडली" असं पुढे लिहिलेलं दिसलं की मागे वाचल्याशिवाय देऊच नका.

आणि औषधं. गॅबापेंटिन नावाचं औषध कुत्र्यांनाही दुखण्यासाठी देतात, पण माणसांसाठी जे त्याचं लिक्विड मिळतं त्यातल्या काहींत झायलिटॉल असतं. म्हणजे औषध बरोबर, डोस बरोबर, आणि तरी विष. माणसाच्या दुकानातून कुत्र्यासाठी कोणतंही पातळ औषध घेताना फार्मासिस्टला स्पष्ट विचारायचं, यात झायलिटॉल आहे का, कुत्र्यासाठी हवंय.

लेबलवर ते प्रत्येक वेळी झायलिटॉल याच नावाने येत नाही हा अजून एक घोळ. बर्च शुगर लिहितात, वुड शुगर लिहितात, कधी नुसतंच शुगर अल्कोहोल किंवा पॉलिओल, कधी फक्त नंबर, ई ९६७ किंवा आयएनएस ९६७. नंबर नीट वाचा, कारण ९६५ म्हणजे माल्टिटॉल, ९६८ म्हणजे एरिथ्रिटॉल, शेजारीशेजारी आहेत पण काम वेगळं. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, एरिथ्रिटॉल, स्टीव्हिया, सुक्रालोज यांनी कुत्र्याची साखर अशी कोसळत नाही, जास्त खाल्लं तर जुलाब वगैरे होतात. पण नुसतं शुगर अल्कोहोल लिहिलेलं असेल आणि कोणतं ते कळत नसेल तर मी ते झायलिटॉलच आहे असं धरते. आणि शुगर फ्री चॉकलेट असेल तर त्यात स्वीटनर कोणतंही असो, चॉकलेट चॉकलेटच आहे, ते वेगळं विष.

मांजरवाले विचारतील म्हणून सांगते, मांजरांमध्ये इन्सुलिनची ही उसळी दिसत नाही. म्हणून द्यायला लागू नका, पण घरात दोन्ही असतील तर धावायचं कोणासाठी ते कळावं.

आता कोणी खाल्लंच तर. मी जे पाच मिनिटं केलं ते करू नका. तोंडात उरलंय का बघा, पाकीट उचला, किती गेल्या ते मोजा आणि खात्री नसेल तर जास्तीचा आकडा धरा, फोन करा आणि निघा, खरं तर फोन निघता निघता करा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला जाऊ नका, मिठाने वेगळीच विषबाधा होते. हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल लोक सांगतात, ते डॉक्टर स्वतः फोनवर सांगत असतील तरच आणि तेवढंच, आणि कुत्रा डगमगायला लागला असेल, झटके येत असतील, नीट शुद्धीत नसेल तर तोंडात काही म्हणजे काही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. अशा वेळी मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांवर चोळायचा, बोट चावलं जाणार नाही असं बघून, आणि गाडीत घालायचं. पण मध चोळला, तरतरी आली, म्हणून घरी थांबलो असं करू नका, त्या मधाची साखर थोड्या वेळात संपते आणि आतलं इन्सुलिन चालूच असतं.

घरात आम्ही काय बदललं तर फार काही नाही. दाराशेजारी माझ्या खांद्याइतक्या उंचीवर चार खुंट्या ठोकल्या, येणाऱ्या प्रत्येकाची पर्स, बॅग, जॅकेट तिथे. हे पाहुण्यांना सांगायला सुरुवातीला अवघड वाटायचं, आता मी पाणी विचारायच्या आधी बॅग मागते. लोकांना वाटतं आपण स्वयंपाकघर सांभाळलं की झालं, पण कुत्र्याचं नाक जमिनीलगत फिरतं आणि जमिनीलगत बॅगा असतात, आणि गम, मिंट, गोळ्या हे सगळं बॅगांतच असतं. बाथरूमचा कचऱ्याचा डबा झाकणाचा घेतला. भोलूची टूथपेस्ट कुत्र्यांची वेगळी आहे, आमची त्याला कधीच नाही, एक तर झायलिटॉल आणि दुसरं फ्लोराइड, आणि त्याला चूळ भरून थुंकता येत नाही. फिरायला गेल्यावर रस्त्यावर पडलेला चघळलेला गम त्याने उचलला तर त्यात झायलिटॉल कमीच उरलेलं असतं, पण तरी मी तोंडातून काढते.

ताई खूप रडली त्या रात्री. मी तिला तेव्हाही सांगितलं आणि इथेही लिहून ठेवते की चूक तिची नव्हती, पाकिटाच्या पुढच्या बाजूला कुठेच लिहिलेलं नव्हतं की हे कुत्र्याला घातक आहे. तिच्या घरी कुत्रा नाही, तिला कसं कळणार. घरात कुत्रा माझ्या आहे.

लिव्हरचे आकडे दुसऱ्या दिवशी थोडे वर गेले, माझा जीव टांगणीला, तिसऱ्या दिवशी तिथेच थांबले, आणि मग आठवड्याने परत केली चाचणी तेव्हा खाली आलेले. डॉक्टर म्हणाले लवकर आणलंत म्हणून. मी त्यांना त्या पाच मिनिटांबद्दल सांगितलं, ते काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "आता वजन माहिती आहे ना त्याचं?"

फ्रीजवर एक कागद लावलाय. डॉक्टरांचा नंबर, रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, आणि खाली भोलूचं वजन तारखेसकट. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्याला उचलून काट्यावर उभी राहते, मग एकटी उभी राहते, आणि वजाबाकी करून लिहिते. या महिन्यात ९.४ आहे.